घाट, बैल आणि आपण बायका

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरचा कुणी विद्वान वक्ता बोलवायचा हा आपल्या मंडळाचा जुना प्रघात. यंदा तो मान कार्यकारिणीने माझ्यासारख्या निवृत्त शिक्षिकेला दिला, यात माझ्या विद्वत्तेचा काही भाग नाही. खरे कारण गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात आहे. त्या दिवशी बोलता बोलता बैलगाड्यांच्या शर्यतींचा विषय निघाला, आणि तिळगूळ तोंडात असतानाच आपल्या दोन भगिनी एकमेकींशी चांगल्याच कडू बोलल्या. एक म्हणाली, मुक्या जनावराला मारून पळवायचे आणि त्याला सण म्हणायचे, हा शुद्ध रानटीपणा आहे. दुसरी जुन्नरकडची. ती उसळून म्हणाली, "तुम्ही जन्मात कधी शेणाची पाटी उचललीत का?" मी कोपऱ्यात वाण वाटत होते. कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुमचे माहेर तर गाड्यांचे गाव. तुम्ही का गप्प?"

त्या दिवशी मी उत्तर दिले नाही. ते देण्यासाठीच आज उभी आहे. दोघींपैकी कोण बरोबर याचा निवाडा मात्र माझ्याकडून मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझे माहेर खेड तालुक्यातले. आमच्या बाजूला, म्हणजे खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूर या भागात, शर्यतीच्या मैदानाला घाट म्हणतात. घाट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे खंडाळ्याची वळणे येतील. तसे काही नाही. गावाबाहेर चढती, सरळ, दगडगोटे वेचून साफ केलेली जमीन, दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती आणि वरच्या टोकाला निशाण. गाडा अगदी हलका. त्याला चार बैल जुंपायचे, दोन पुढे, दोन मागे, आणि सर्वांच्या पुढे घोडीवरचा स्वार. गाड्यात कुणीही बसत नाही. खाली दहा-बारा गडी बैलांना धरून उभे असतात. खूण झाली की हात सुटतात, 'भिर्रर्र' असा एकच ओरडा उठतो, भंडाऱ्याने आभाळ पिवळे होते, आणि तुम्ही पदर सावरेपर्यंत गाडा वरच्या टोकाला पोहोचलेला असतो. सारा खेळ काही सेकंदांचा. त्या एका फेरीला बारी म्हणतात. अशा बाऱ्या सकाळपासून दिवस मावळेपर्यंत चालतात, आणि ज्याची बारी सर्वांत कमी वेळात झाली तो घाटाचा राजा. पूर्वी हातातल्या घड्याळावर वेळ मोजत आणि त्यावरून भांडणे होत. हल्ली विजेची घड्याळे सेकंदाचा शंभरावा भाग दाखवतात. भांडणे तरीही होतात.

हा झाला आमच्याकडचा प्रकार. साताऱ्या-सांगलीकडे छकडे पळतात, दोन बैलांचे, आणि त्यांत हाकणारा असतो. अलिबागेकडे समुद्राच्या ओल्या वाळूवर गाड्या पळवतात. विदर्भात हाच खेळ शंकरपट म्हणून ओळखला जातो. खंडोबाच्या, भैरवनाथाच्या, गावदेवीच्या यात्रेला हे जोडलेले, आणि यात्रा बहुतेक चैत्र-वैशाखातल्या, पिके निघाल्यावरच्या. निमगावच्या खंडोबाचा घाट तर आमच्याकडे पंढरीसारखा. 'निमगावच्या घाटात पळालेला बैल' हे बाजारात वेगळे सर्टिफिकेट लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाईंना एवढी माहिती, म्हणजे बाईंनी पुष्कळ घाट पाहिले असतील. भगिनींनो, वयाच्या साठीपर्यंत मी एकही बारी जवळून पाहिली नव्हती. घाटावर बायकांनी जायचे नाही, असा आमच्या गावचा दंडक होता. कुणी म्हणे विटाळ, कुणी म्हणे गर्दी. कारण कुणी नीट सांगत नसे आणि विचारण्याची सोय नव्हती. आम्ही मुली पलीकडच्या बांधावर उभ्या राहून उडणारी धूळ बघायचो. आमच्या आया घरात असायच्या. यात्रेचे पाहुणे तीस-चाळीस, त्यांच्या पुरणाचा घाट घालायचा. तेवढाच घाट आमच्या वाट्याला.

आमच्या आबांकडे हरण्या नावाचा बैल होता. खिल्लार, पांढराशुभ्र, शिंगे मागे वळून टोकाला जवळ आलेली, पाय काटक्यांसारखे आणि नजर सारखी भिरभिरती. 1966 सालची गोष्ट सांगते. मी 12 वर्षांची. हरण्याला वैरण, पाणी, त्याच्याखालचे शेण हे काम माझे. आई खुराक करी. सकाळी कणकेचे गोळे, भिजवलेली उडदाची डाळ, पेंड, आणि यात्रा जवळ आली की म्हशीचे दूध. घरात म्हैस एक. धाकटा भाऊ दीड-दोन वर्षांचा. चैत्र लागला की भावाच्या वाटीतले दूध अर्धे होई आणि बैलाच्या घमेल्यात जाई. आई एक अक्षर बोलत नसे. मला त्या बैलाचा हेवा वाटे, आणि माझा जीवही त्याच्यावर होता. दोन्ही एकाच वेळी. जनावर पाळलेल्या बाईला हे समजावून सांगावे लागणार नाही. मी गोठ्यात गेले की तो मान खाली घाली आणि माझ्या परकराला नाक घासी. घरातल्या मोठ्या माणसांपैकी मला पाहून एवढा आनंद दुसऱ्या कुणाला होत नसे.

त्या वर्षी हरण्याने यात्रेत पहिला नंबर आणला. आबांना फेटा बांधला, ढाल मिळाली, हलगी वाजवत बैल घरी आणले. आईने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, हरण्याच्या पायांवर पाणी घातले, कुंकू लावले. गुलालाने तो ओळखू येत नव्हता. माणसे ओसरीवर जेवायला बसली आणि मी कंदील घेऊन त्याला धुवायला गोठ्यात गेले.

गुलाल उतरला तसे मला दिसले. मागच्या दोन्ही फऱ्यांवर बारीक बारीक भोके होती, कुठे दोन, कुठे चार, आणि त्यांतून रक्त सुकून केसांना चिकटलेले. पराणीच्या टोकाला जो खिळा बसवतात त्याला आर म्हणतात. ती आर होती. शेपटीचे मूळ सुजले होते, हात लावला तर तो अंग चोरून बाजूला सरला. माझ्यापासून तो पहिल्यांदा बाजूला सरला, भगिनींनो. मी धावत आईकडे गेले. आई आली, कंदील वर धरून तिने पाहिले, आत जाऊन हळद आणि लोणी घेऊन आली. दोघींनी मिळून ते लावले. मी म्हटले, "आबांना सांगू?" आई म्हणाली, "त्यांना काय म्हाईत न्हाई? आज घरात आनंद हाय. बोलू नगस."

मी बोलले नाही. पुढे सहा वर्षे तो बैल पळाला, दरवर्षी मी हळद-लोणी लावले आणि एकदाही बोलले नाही. आबा निर्दय होते असे कृपा करून समजू नका. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळून 'आज आवतण, उद्या जेवायला या' असे त्यांच्या कानात सांगताना त्यांचा आवाज जड व्हायचा. हरण्या म्हातारा झाल्यावर त्यांनी तो विकला नाही. दावणीलाच मेला, आणि बांधावर खड्डा घेऊन आबांनी स्वतः माती दिली. त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटली नाही. असा माणूस आर टोचू देतो आणि असाच माणूस बैलासाठी उपाशी राहतो. शहरातल्या माणसाला यातले एक खोटे वाटते. मला दोन्ही खरी म्हणूनच माहीत आहेत.

आता थोडे कायद्याचे सांगते. कंटाळू नका, कारण या कायद्याच्या मुळाशी एक बाई आहे. भरतनाट्यम् या नृत्याला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या, 'कलाक्षेत्र' या संस्थेच्या रुक्मिणीदेवी अरुंडेल. 1952 साली त्यांची राज्यसभेवर नेमणूक झाली. तेव्हा जनावरांच्या छळाविरुद्ध जो कायदा होता तो इंग्रजांनी केलेला, 1890 सालचा. रुक्मिणीदेवींनी नवीन कायद्यासाठी स्वतःचे खाजगी विधेयक मांडले. देशापुढे अन्नधान्याचे, निर्वासितांचे प्रश्न असताना या बाई बैल-कुत्र्यांचे काय घेऊन बसल्या, असे पुष्कळांना वाटले असणार. पंडित नेहरूंनी सरकारच असा कायदा आणील असे आश्वासन दिले, तेव्हा त्यांनी विधेयक मागे घेतले. आश्वासन पाळले गेले. 1960 साली प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणारा कायदा झाला, 1962 साली त्याखाली प्राणी कल्याण मंडळ स्थापन झाले, आणि पहिल्या अध्यक्षा रुक्मिणीदेवीच.

शर्यतींची गोष्ट पुढची. जुलै 2011 मध्ये केंद्र सरकारने, ज्या प्राण्यांचे खेळ करता येणार नाहीत त्यांच्या यादीत वाघ, सिंह, अस्वल, माकड यांच्याबरोबर बैलही घातला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लीकट्टू आणि आपल्याकडील बैलगाड्यांच्या शर्यती दोन्ही बेकायदा ठरवल्या. बैल हा ओझे ओढणारा प्राणी आहे, घोड्यासारखा धावण्यासाठी त्याचा देह घडलेला नाही. त्याला भुकेपासून, वेदनेपासून, भीतीपासून मुक्त राहण्याचा हक्क आहे, असे त्या निकालात म्हटले आहे. मग जानेवारी 2017 मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर लाखो तरुण जमले. तमिळनाडूने कायद्यात दुरुस्ती करून घेतली, मागोमाग कर्नाटकाने आणि महाराष्ट्रानेही. आपल्याकडे उच्च न्यायालयाने त्याच वर्षी शर्यतींना अटकाव केला तो चार वर्षे राहिला. 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली, आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या कायम केल्या.

म्हणजे शर्यत असावी की नसावी हा वाद न्यायालयापुरता मिटला. अटी मात्र राहिल्या. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, 50,000 रुपये अनामत हवी, पशुवैद्याचा दाखला हवा, पल्ला 1000 मीटरपेक्षा अधिक नको. काठी नको, चाबूक नको, आर नको, विजेचा धक्का नको. मोडल्यास तुरुंग किंवा मोठा दंड. विजेचा धक्का ऐकून तुम्ही दचकलात. होय, आबांच्या काळी आर होती, पुढे बॅटरी आली. प्रगती सगळ्याच क्षेत्रांत होते.

2014 साली बंदी आली तेव्हा मी इथेच होते, आणि माहेरी धाकट्या भावाकडे, ज्याच्या वाटीतले दूध अर्धे होत असे त्याच्याकडे, दोन शर्यतीचे बैल होते. बातमी वाचली आणि पहिल्यांदा मला काय वाटले ते खरे सांगते. सुटले, असे वाटले. आता कुणा पोरीला कंदील धरून ते पाहावे लागणार नाही. दोन महिन्यांनी गावी गेले तर गोठा रिकामा. शर्यत नाही तर शर्यतीच्या बैलाला काम काय? नांगराला ट्रॅक्टर आहे, मोटेला विजेचा पंप आहे, आणि दूध तो देत नाही. खुराकाचा खर्च कुठून काढायचा? भावाने दोन्ही बैल चाकणच्या बाजारात मिळेल त्या भावाला दिले. भावजय म्हणाली, "वन्सं, जाताना त्यानं मागं वळून पाह्यलं." मी विचारले, कुणी घेतले? भावाने उत्तर दिले नाही, आणि मी पुन्हा विचारले नाही. पुन्हा एकदा बोलले नाही. मार्च 2015 पासून महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. पण ते दोघे त्याआधीच गेले होते.

म्हणजे बघा, बैलावर दया करणारा निकाल लागला, तो योग्य कारणांनी लागला, आणि आमच्या गोठ्यातले दोन बैल त्यामुळे अधिक सुखी झाले असे मला शपथेवर सांगता येणार नाही. देशाच्या 2019 च्या पशुगणनेत गाईच्या जातीतील नरांची संख्या 2012 च्या मानाने सुमारे 30 टक्क्यांनी घटलेली आढळली. शर्यतबंदी हे त्याचे एकटे कारण नव्हे. ट्रॅक्टर हे मोठे कारण. पण खिल्लारासारख्या जातीचा गोऱ्हा जन्मला तर त्याला वाढवावे असे शेतकऱ्याला वाटायला काहीतरी निमित्त लागते, आणि आमच्या भागात ते निमित्त घाट आहे. जुन्नरकडची आपली भगिनी हेच म्हणत होती, जरा रागाने.

आणि बंदीच्या काळात शर्यती थांबल्या म्हणता? आडरानात, पहाटे, पोलीस यायच्या आत उरकत. तिथे कुठला पशुवैद्य आणि कुठला दाखला!

पण म्हणून दुसऱ्या भगिनीचे म्हणणे मी उडवून लावत नाही. उलट तिच्या बाजूने मी तिच्यापेक्षा अधिक सांगू शकते, कारण तिने ऐकले आहे आणि मी धुतले आहे. 2022 नंतर शर्यती सुरू झाल्या त्या पूर्वीच्या राहिल्या नाहीत. आबांना फेटा आणि ढाल मिळाली होती. 2022 च्या मे महिन्यात पिंपरी-चिंचवडजवळ चिखलीला शर्यत झाली, तिथे बक्षिसांत जेसीबी यंत्र, बोलेरो आणि ट्रॅक्टर होते. बैलाच्या एका बारीवर जेसीबी टांगला, तर धरणाऱ्या गड्याच्या हातातली काठी खाली कशी राहणार? मला वाटते, दाखले आणि अनामती यांच्या जोडीला बक्षिसाला काही मर्यादा घातली असती तर बैलाचे अधिक भले झाले असते. हे माझे मत. गावात बोलले तर माझे आगत-स्वागत कमी होईल.

उन्हाचेही तसेच. ओझ्याच्या जनावरांसाठी केंद्राचे 1965 सालचे नियम आहेत. पारा 37 अंशांवर जाणाऱ्या भागात दुपारी 12 ते 3 जनावर कामाला जुंपू नये, असे त्यांत स्पष्ट आहे. वैशाखात आमच्याकडे दुपारी पारा कुठे असतो ते तुम्हांला ठाऊक आहे, आणि बाऱ्या दुपारीही चालतात. हाच नियम कारखान्याच्या वाटेवर उसाची गाडी ओढणाऱ्या बैलालाही लागू आहे. त्याच्याकडे बघायला मात्र कुणी कॅमेरा घेऊन जात नाही, कारण त्याच्यावर गुलाल नसतो. डांबरी रस्त्यावर गुडघे टेकलेला बैल आणि शेजारी मूल कडेवर घेऊन उभी असलेली ऊसतोड करणारी बाई, हे दृश्य मी शाळेच्या नोकरीत कितीदा पाहिले. तिथे ना सण आहे, ना न्यायालय.

मला एका गोष्टीचे नेहमी नवल वाटत आले आहे. या वादात शर्यतीच्या बाजूने बोलतात ते गाडामालक, विरुद्ध बोलतात ते वकील आणि प्राणिमित्र. बैलाला रोज पाणी दाखवणारी, त्याच्याखालचे शेण ओढणारी, रात्री त्याच्या अंगावर हात फिरवणारी जी बाई, तिला दोन्ही बाजूंनी कुणी साक्षीला बोलावले नाही. घाटावर तिला मज्जाव, आणि न्यायालयात तिचे नाव कुणाला ठाऊक नाही. बैलाच्या कातड्यावर काय लिहिले आहे ते मात्र तिच्याइतके कुणालाच वाचता येत नाही. विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या शंकरपटात बायका स्वतः जोडी हाकतात. नऊवारीचा कासोटा घट्ट करून, बैलांच्या कासऱ्याला धरून. ते चित्र मी पाहिले तेव्हा मला हसू आले आणि थोडे रडूही आले. माझ्या आईने पुरणाचा घाट सोडून तो घाट पाहिला असता तर ती काय म्हणाली असती, कुणास ठाऊक.

आता शेवटची गोष्ट सांगते. अध्यक्षबाईंनी मघाशीच घड्याळाकडे पाहिले आहे.

माझ्या भावाच्या मुलाने 2022 मध्ये पुन्हा बैल घेतला. शिकलेला मुलगा, चाकणच्या कारखान्यात नोकरीला, पण रक्तातला घाट जात नाही. गेल्या चैत्रात यात्रेला मी गेले होते. सकाळी बैल पिकअपमध्ये चढवायच्या आधी भाचेसून ताट घेऊन आली. तिने कुंकू लावले, ओवाळले. आणि मग ताट खाली ठेवून तिने पदर खोचला आणि बैलाच्या अंगावरून हात फिरवू लागली. मानेवरून, खांद्यावरून, दोन्ही फऱ्यांवरून, शेवटी शेपूट उचलून मुळाशी. माझ्या भाच्याला ती म्हणाली, "आत्यांच्या देखत सांगते. आता काही नाही. संध्याकाळी असंच आलं पाहिजे." भाचा हसला. बरोबरच्या गड्यांपैकी एकाने तोंड वाकडे केले. मी नंतर तिला विचारले, ही पद्धत कुणी घातली? ती म्हणाली, "कुणी नाही. पहिल्या वर्षी आला तेव्हा शेपटीला रक्त होतं. मी यांना सांगितलं, पुढच्या खेपेला असं दिसलं तर त्याचा खुराक मी करणार नाही आणि तुमचाही नाही." एवढ्या साध्या भाषेत! मी 12 वर्षांची होते तेव्हा हे मला का सुचले नाही? माझ्या आईला का सुचले नाही? आईची बोलण्याची प्राज्ञा नव्हती, हे खरे. माझी पुढे होती, मी नोकरी करीत होते, तरी मी बोलले नाही, हेही तितकेच खरे.

त्या दिवशी मीही घाटावर गेले. आता बायका जातात. वेगळा मांडवसुद्धा असतो. बारी पाहिली. खोटे कशाला बोलू, बैल सुटले तेव्हा मी उभी राहिले आणि माझ्या तोंडून ओरडा निघाला. शेजारची बाई माझ्याकडे बघू लागली. बैल पळताना सुंदर दिसतो, भगिनींनो. तो भीतीने पळतो की हौसेने, हे मला त्या काही सेकंदांत कळले नाही. वरच्या टोकाला त्याला धरले तेव्हा त्याच्या नाकपुड्या फाटल्यासारख्या हलत होत्या आणि तोंडाला फेस होता. घाटाचा राजा दुसराच झाला. आमचा गाडा दुसऱ्या नंबरात आला. पुढच्या रविवारी शेजारच्या गावच्या घाटाचे टोकन लागलेले होते.

संध्याकाळी पिकअप दारात आला. भाचेसून बाहेर आली. या खेपेला हलगी वगैरे काही नव्हते. तिने बैल खाली उतरवून घेतला, बादलीभर पाणी घातले, गुलाल उतरवला आणि पुन्हा तसाच हात फिरवला. मग म्हणाली, "आत्या, तुम्हीपण बघा." मी चष्मा पुसला आणि अंगणातल्या दिव्याखाली पाहिले. फऱ्या स्वच्छ होत्या. शेपटीला हात लावला, तो सरकला नाही. फक्त उजव्या खांद्यावर जू घासल्याची चारेक बोटे लांब रेघ होती, कातडे सोलवटलेले. मी काही बोलायच्या आत ती आत जाऊन हळद आणि लोणी घेऊन आली. लावता लावता नवऱ्याला म्हणाली, "रविवारचं टोकन परत द्या."

तो म्हणाला, "अगं, साधी रेघ आहे. चार दिवसांत भरेल."

"चार दिवसांत भरली, तर तुमचं टोकन. पण मी बघून सांगणार."

शनिवारी रात्री तिचा मला फोन आला. भरली नव्हती. भाच्याने दिवसभर कुरकुर केली, जेवला नाही, आणि संध्याकाळी जाऊन टोकन परत देऊन आला.

पुढच्या चैत्रात आपल्या मंडळाची सहल नेहमीप्रमाणे अष्टविनायकाला न नेता आमच्या गावी न्यावी, असे मी कार्यकारिणीला सुचवले आहे. संक्रांतीला भांडलेल्या दोघी भगिनींनी यावे. एकीने शेणाची पाटी उचलून पाहावी आणि दुसरीने संध्याकाळी बैल धुताना दिवा धरावा. राहण्या-जेवण्याची सोय माझ्या भाचेसुनेकडे आहे. तिने होकार कळवला आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी चिटणीसबाईंकडे नावे द्यावीत.